तीस इंची सहा तारांचा बेस: लुळी ई तार कशी सुधारली

परभणीत ऑर्केस्ट्रासाठी बेस गिटार घेताना मी मुद्दाम 30 इंच स्केलचा (म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी 30 इंच), सहा तारांचा निवडला. नेहमीचा 34 इंची असतो आणि माझी बोटं आखूड आहेत. ट्यूनिंग गिटारचंच, ई ते ई, फक्त एक सप्तक खाली. 1961 च्या फेंडर बेस सिक्सची हीच रीत. सहा तारांच्या बेसचं नेहमीचं बी ते सी ट्यूनिंग एवढ्या लांबीवर नकोच, खालची बी फार ढिली पडते.

पण सोबत आलेली .084 इंच जाडीची खालची ई तारही लुळीच होती. जोरात छेडली की फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) फडफडायची. तिथे .100 ची चढवली, त्यासाठी नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच बारीक कानशीने जराशी रुंद केली. मग बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेल्या सुरापेक्षा) चढा येऊ लागला. सॅडल (दुसऱ्या टोकाला तार टेकते तो सरकता तुकडा) मागे सरकवायला जागाच उरेना, म्हणून त्याच्या मागची स्प्रिंग काढली. सूर लगेच जुळला!

आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मान मागे वाकते आणि नटजवळच्या फ्रेटवर खरखर सुरू होते. अशा वेळी सॅडल उचलत बसू नका. ट्रस रॉड (मानेचा बाक ठरवणारा आतला गज) पाव फेरा सैल करा, रात्रभर ठेवा, पुन्हा सुरात लावून बघा. पावसाळ्यात नेमकं उलटं करावं लागतं.