‘मिझरेबल’ कुठे वापरायचा, कुठे नाही

साध्या वाईट वाटण्याला ‘सॅड’ पुरतो. ‘मिझरेबल’ त्यापुढचा: जीव नकोसा, अगदी हवालदिल. खासबागेत कुस्ती हरलेला पैलवान त्या रात्री ‘आय फील मिझरेबल’ म्हणेल. रंकाळ्यावर मिसळ संपली म्हणून हा शब्द वापरू नका, फार जड होतो.

माणसाखेरीज तो परिस्थितीलाही लागतो, आणि हेच बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. जुलैत आठवडाभर सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, तेव्हा ‘मिझरेबल वेदर’. दिवसभर राबून हातात तुटपुंजी मजुरी पडली तर ‘मिझरेबल वेजेस’. इथे अर्थ दुःखी नाही: हवा असेल तर उदासवाणी, मजुरी असेल तर क्षुल्लक.

उच्चारात मधला स्वर गिळला जातो, ‘मिझ्रबल’ असा. म्हणून लिहिताना ‘एस’नंतरचा ‘ई’ चुकून सुटतो. अक्षरे ९: एम, आय, एस, ई, आर, ए, बी, एल, ई.

कारण सांगताना ‘अबाउट’ जोडा: ‘शी वॉज मिझरेबल अबाउट हर रिझल्ट’. दुसऱ्याला दुःखी केले तर ‘मेक’: ‘इट मेड हिम मिझरेबल’. जास्त दुःखी म्हणजे ‘मोअर मिझरेबल’. शेवटी ‘अर’ लावू नये. ‘मायझर’ म्हणजे कंजूष; मूळ लॅटिन शब्द एकच, म्हणून गोंधळ होतो.