दर महिन्याच्या एक्सेल शीटचं फॉरमॅटिंग मॅक्रोकडून करून घ्या

सोसायटीचा हिशोब बघणारे, दुकानाचे अकाउंट्स लिहिणारे, ऑफिसात एमआयएस म्हणजे नियमित रिपोर्ट करणारे, सगळ्यांचं काम जवळपास सारखंच असतं. बँकेची किंवा सॉफ्टवेअरची सीएसव्ही (कॉमाने वेगळी केलेली साध्या मजकुराची फाइल) डाउनलोड करायची आणि मग हेडिंग बोल्ड कर, कॉलम रुंद कर, तारखा सरळ कर, रकमेत कॉमा टाक, आणि पुढच्या महिन्यात परत तेच सगळं पहिल्यापासून. एक्सेलमधला मॅक्रो रेकॉर्डर हे सगळं एकदा बघून ठेवतो आणि नंतर एका शॉर्टकटवर करून देतो, अशा साठवलेल्या कामांनाच मॅक्रो म्हणतात, कोडिंग यायलाच पाहिजे असं काही नाही.

पण रेकॉर्ड बटण दाबायच्या आधी डेटा नीट बघा, कारण फॉरमॅटिंगने फक्त दिसणं बदलतं, आतली किंमत बदलत नाही. आकडे सेलमध्ये डावीकडे चिकटलेले दिसले आणि कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असला तर ते आकडे नसून टेक्स्ट आहेत, त्यांना कितीही नंबर फॉरमॅट लावा, ढिम्म हलणार नाहीत. तो कॉलम सिलेक्ट करून डेटा टॅबमध्ये टेक्स्ट टू कॉलम्स उघडायचं आणि सरळ फिनिश दाबायचं, आकडे होतात. हे रेकॉर्डिंगमध्येच करा म्हणजे दर वेळी आपोआप होईल.

तारखांचं जास्त जपा. काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसत असतील तर समजायचं की कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर सेट आहे, म्हणजे ५ मार्चचा त्याने ३ मे केलाय आणि २५ मार्च कळलाच नाही म्हणून टेक्स्ट ठेवलाय. ह्यावर फॉरमॅटिंगचा काहीच उपयोग नाही, विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंग्लिश इंडिया करा आणि सीएसव्ही परत उघडा. तसंच १६ आकडी कार्ड नंबर किंवा लांब खाते नंबर, एक्सेल १५ आकडेच लक्षात ठेवतं, पुढचे शून्य करून टाकतं आणि ते परत येत नाहीत. असे कॉलम डेटा टॅबमधून इम्पोर्ट करतानाच टेक्स्ट म्हणून घ्यायचे.

आता रेकॉर्डिंग. व्ह्यू टॅबमध्ये शेवटी मॅक्रोज आहे, त्यात रेकॉर्ड मॅक्रो. नावात स्पेस चालत नाही. शॉर्टकटच्या चौकोनात शिफ्ट दाबून अक्षर द्या म्हणजे कंट्रोल शिफ्ट आणि ते अक्षर असा शॉर्टकट होतो, नुसतं सी दिलंत तर कंट्रोल सी ने कॉपी होणं बंद होईल. स्टोअर मॅक्रो इन मध्ये पर्सनल मॅक्रो वर्कबुक निवडा, हे महत्त्वाचं आहे, कारण सीएसव्हीमध्ये मॅक्रो सेव्ह होतच नाही आणि पर्सनल वर्कबुक एक्सेलबरोबर मागे गुपचूप उघडतं त्यामुळे मॅक्रो कुठल्याही फाइलवर चालतो. एक्सेल बंद करताना ते सेव्ह करू का विचारेल, हो म्हणा.

रेकॉर्डर सेलचे पत्ते लक्षात ठेवतो. ह्या महिन्यात २०० ओळी माउसने ओढून सिलेक्ट केल्यात तर पुढच्या महिन्यात ३५० ओळी असल्या तरी तो २००वरच थांबेल. म्हणून वरच्या अक्षरावर क्लिक करून अख्खा कॉलम घ्यायचा. फक्त बॉर्डर अख्ख्या कॉलमला लावू नका, खाली १०,४८,५७६ ओळींपर्यंत रेषा जातात. त्यापेक्षा कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये न्यू रूल, फॉरमॅट ओन्ली सेल्स दॅट कंटेन, नो ब्लँक्स निवडून त्याच्या फॉरमॅटमध्ये बॉर्डर द्या, जिथे डेटा तिथेच रेषा. आणि त्याच्या आधी क्लिअर रूल्स पण रेकॉर्ड करा, नाहीतर त्याच शीटवर मॅक्रो परत चालवला की तोच रूल परत चढतो आणि फाइल जड होत जाते.

रकमेसाठी फॉरमॅट सेल्स, कस्टम, आणि टाइपच्या चौकोनात हे टाका:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

ह्याने लाख कोटीचे कॉमा आपल्या पद्धतीने पडतात आणि फाइल दुबईत उघडली काय नि पुण्यात, तसेच राहतात. ह्यात पैसे दिसत नाहीत, ते हवे असतील तर तिन्ही भागांच्या शेवटी .00 जोडा. एक मर्यादा आहे, लाखाच्या वरच्या उणे रकमांचे कॉमा विंडोजच्या सेटिंगप्रमाणेच पडतात, ते अमेरिकन असेल तर इंग्रजी पद्धतीने. तुमच्याकडे अशा रकमा बऱ्याच असतील तर विंडोजच्या रीजन सेटिंगमध्येच डिजिट ग्रुपिंग बदला आणि साधा कॉमा फॉरमॅट वापरा, पण मग समोरच्याला त्याच्या सेटिंगप्रमाणे दिसेल.

मराठीत रिपोर्ट द्यायचा असेल तर [$-4000439]0 हा फॉरमॅट लावून बघा, आकडे देवनागरीत दिसतात आणि आतून आकडेच राहतात म्हणून बेरीज बिनबोभाट होते. हाताने देवनागरी आकडे टाइप करून बेरजेसाठी झगडणारे बरेच लोक आहेत, त्यांना हे नक्की सांगा. सहा आकडी मेंबर नंबरमधले सुरुवातीचे शून्य उडाले असतील तर 000000 लावायचं.

हेडिंगसाठी मर्ज अँड सेंटर वापरू नका, नंतर सॉर्ट करताना अडतं. फॉरमॅट सेल्सच्या अलाइनमेंटमध्ये सेंटर अक्रॉस सिलेक्शन आहे, दिसायला तसंच आणि सेल मोकळे राहतात. मग फ्रीज टॉप रो, आणि ऑटोफिट कॉलम विड्थ सगळ्यात शेवटी, कारण कॉमा आणि तारखा लागल्यावर रुंदी वाढते आणि कॉलम आधीच फिट केला असेल तर #### दिसायला लागतं. झालं की स्टॉप रेकॉर्डिंग, आणि फाइल एक्सेल वर्कबुक म्हणून सेव्ह करा, सीएसव्हीच ठेवलीत तर सगळं फॉरमॅटिंग उडेल.

मॅक्रो चालवल्यावर कंट्रोल झेड चालत नाही, त्यामुळे पहिल्यांदा कॉपीवर चालवून बघा. मोबाइलवर किंवा ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये हा मॅक्रो चालत नाही. आणि मॅक्रोवाली फाइल कोणाला मेलने पाठवलीत तर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेले मॅक्रो ब्लॉक करायला सुरुवात केली आहे, समोरच्याला फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉक करायला सांगा, पण फक्त ओळखीच्या माणसाने पाठवलेल्या फाइललाच.