पुणे विद्यापीठात प्रवेश घेताय? या चुका टाळा

‘मला पुणे विद्यापीठात शिकायचंय’ असं कुणी म्हटलं की आधी विचारावं लागतं, आवारातल्या विभागात की संलग्न महाविद्यालयात? १९४९ साली सुरू झालेल्या आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचं नाव लावणाऱ्या या विद्यापीठाला पुणे, अहिल्यानगर, नाशिक या जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालयं जोडलेली आहेत. पदवीवर नाव विद्यापीठाचंच येतं, पण गणेशखिंडीतल्या आवारातले विभाग मुख्यतः पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनासाठी आहेत. बारावीनंतर थेट तिथे येण्याचे पर्याय मोजकेच. विद्यापीठाचा दर्जा ऐकून महाविद्यालय निवडू नका, त्या महाविद्यालयाची चौकशी वेगळी करा.

चुकीच्या दारात उभं राहणं

आवारातल्या अनेक विभागांसाठी विद्यापीठाची स्वतःची ऑनलाइन प्रवेश परीक्षा असते. एमबीए, एमसीए मात्र राज्य सीईटी कक्षामार्फत. एक अर्ज भरला म्हणजे दुसऱ्याचं काम झालं असं नसतं, आणि मुदत एकदा गेली की गेलीच.

आयुका म्हणजे विद्यापीठाचा विभाग नव्हे

आयुका ही विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) १९८८ मध्ये स्थापन केलेली खगोलशास्त्राची संस्था. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. शेजारचं एनसीआरए हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र, खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तेच चालवतं. दोन्ही आवारातच आहेत, पण त्यांची पीएचडीची प्रवेशप्रक्रिया वेगळी. एमएस्सी भौतिकशास्त्राला प्रवेश मिळाला म्हणजे तिथे आपोआप जागा मिळत नाही. हो, शेजाराचा फायदा नक्की घ्या, व्याख्यानं ऐका, प्रकल्पासाठी विचारा.

विभाग न बघता विषय निवडणं

मला सगळ्यात जास्त हळहळ याच चुकीची वाटते, कारण ती घरबसल्या टाळता येते. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातले पीएचडीचे प्रबंध मोफत वाचता येतात. तिथे विद्यापीठ निवडा, मग विभाग, मग मार्गदर्शकाचं नाव. गेल्या काही वर्षांत कोणत्या विषयांवर काम झालं, ते कळेल. एखाद्या प्रबंधाचं ऋणनिर्देशाचं पान उघडा. प्रयोगशाळेत कोण कोण होतं, कोणती उपकरणं वापरायला मिळाली, शिष्यवृत्ती कुणाची होती, हे विद्यार्थ्याने तिथे लिहिलेलं असतं. माहितीपत्रकात यातलं काहीही सापडत नाही. त्यानंतर प्राध्यापकांना ईमेल केला तर तुमचा प्रश्न नेमका होतो, आणि नेमक्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

वसतिगृह गृहीत धरणं

जागा मर्यादित, त्यामुळे प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असं नाही. बाहेरच्या खोलीचा खर्च आधीच हिशेबात धरा. ‘कमवा आणि शिका’ योजना आहे, पण तिच्या मानधनावर पुण्यातलं घरभाडं निघेल असं समजू नका.

कागदपत्रांत अडकलात तर

दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्रासाठी निकाल लागताच जुन्या विद्यापीठाकडे अर्ज करा. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची वैधता तारीख तपासा. गुणपत्रिका आणि आधारवरच्या नावात फरक असेल तर प्रवेशअर्ज भरण्याआधीच दुरुस्ती करून घ्या.