ई-सायकलसाठी घरच्या घरी फेअरिंग: कापणे, वाकवणे, बसवणे

सरळ पाठीने बसून ताशी 25 किमी वेगाने जाताना सायकलस्वाराची साधारण 115 वॅट शक्ती हवा कापण्यात जाते, टायरच्या घर्षणात सुमारे 60. समोरून ताशी 15 किमीचा वारा असेल तर तोच वेग राखायला हवेसाठीच 300 वॅटच्या आसपास लागतात, आणि 250 वॅटची मोटर तिथे धापा टाकते. पुढच्या फेअरिंगने, म्हणजे हवा बाजूला वळवणाऱ्या पारदर्शक आवरणाने, हवेचा विरोध 15 टक्के घटला असे धरा. वारा पडलेला असताना 17 वॅट वाचतील, समोरच्या वाऱ्यात 45. म्हणून मोकळ्या रस्त्याने रोज दहा-पंधरा किलोमीटर जाणाऱ्याने हे काम जरूर करावे. ज्याची वाट दर दोनशे मीटरवर सिग्नलला थांबते त्याच्या हाती फारसे काही लागणार नाही, आणि चढावर तर वजनच वाढेल.

इथे दिलेले माप साध्या सरळ हँडलच्या, हब मोटरच्या (चाकाच्या मध्यात मोटर असलेल्या) ई-सायकलचे आहे.

साहित्य

पॉलिकार्बोनेट शीट, 1.5 मिमी जाड, 600 × 650 मिमी (वजन सुमारे 700 ग्रॅम). ॲल्युमिनियमची 20 × 3 मिमी पट्टी, अडीच मीटर. हँडलच्या व्यासाचे, आत रबर असलेले दोन क्लॅम्प. एम5 (5 मिमी जाड) बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीने सैल न होणारे), रुंद वॉशर आणि रबरी वॉशर, प्रत्येकी डझनभर. कडेला लावायला रबरी यू-बीडिंग. आणि नमुन्यासाठी सनपॅक शीट, म्हणजे आत पोकळ नळ्या असलेली प्लास्टिकची हलकी शीट. फलक बनवणाऱ्यांकडे उरलेले तुकडे सहज मिळतात.

ॲक्रिलिक घेऊ नका. दिसायला तेच, पण भोक पाडताना तडकते आणि पडल्यावर त्याचे धारदार तुकडे होतात, तेही छातीसमोर.

आधी सनपॅकचा नमुना

ही पायरी गाळायचा मोह होतो, पण पॉलिकार्बोनेट वाया जाते ते बहुतेक इथेच. सनपॅकच्या आतल्या नळ्या उभ्या ठेवा, म्हणजे शीट डावी-उजवीकडे सहज गोल वळते. आडव्या ठेवल्या तर घडी पडते. हा तुकडा दोऱ्यांनी आणि केबल टायने सायकलवर बांधा. मग कुणाला तरी सायकल धरायला सांगून नेहमीसारखे बसा आणि दहा मीटर पुढच्या रस्त्याकडे बघा. फेअरिंगची वरची कड या नजरेच्या रेषेच्या 5 सेंमी खाली हवी. रस्ता फेअरिंगच्या वरून दिसला पाहिजे, आरपार बघायची वेळ येता कामा नये. पावसात त्यावर थेंब साचतात आणि वायपर नसतो. मध्यम उंचीच्या माणसासाठी ही कड जमिनीपासून साधारण 145 सेंमीवर येते.

खालची कड टायरपासून किती वर, हे फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा, ठरवतो. सस्पेंशन फोर्क 60 मिमी दबत असेल तर ते 60 आणि वर 50 मिमी मोकळे, असे एकूण 110 मिमी अंतर ठेवा. बाजूच्या कडा हँडलच्या 10 ते 12 सेंमी पुढे ठेवा, आणि ब्रेक दाबण्यासाठी पसरलेल्या बोटांपुढे किमान 4 सेंमी जागा राहते का ते हातमोजे घालून बघा. हा नमुना दोन-तीन दिवस चालवा.

कापणे आणि भोके

माप पक्के झाले की ते पॉलिकार्बोनेटवर उतरवा. वरची संरक्षक फिल्म काढू नका. बारीक दातांच्या पात्याने कापा, शीट फळीवर दाबून धरा, कोपरे 40 मिमी त्रिज्येने गोल करा. कड कानशीने आणि मग सँडपेपरने गुळगुळीत करा, कारण तडा कडेवरच्या बारीक खाचेतूनच पुढे सरकतो.

एम5 बोल्टसाठी शीटला भोक 7 मिमीचे, पट्टीला 5.5 मिमीचे. शीटचे भोक मुद्दाम सैल असते: 30 अंशांच्या फरकाने 650 मिमी शीट सव्वा मिमी लांबते किंवा आखडते, आणि घट्ट भोकात तिला सरकायला जागा नसली तर बोल्टभोवती चांदणीसारखे तडे येतात. भोकाचे केंद्र कडेपासून 15 मिमी आत ठेवा.

वाक

पॉलिकार्बोनेट थंडच वाकवता येते, पण त्रिज्या जाडीच्या दीडशे पटींहून कमी नको, 1.5 मिमीसाठी 225 मिमी. आपण 235 धरू. 600 मिमी रुंदीची शीट या त्रिज्येने वाकली की समोरून 450 मिमी, म्हणजे छातीएवढी, रुंद दिसते आणि मधला भाग कडांपेक्षा 165 मिमी पुढे येतो. हा आकार टिकवायला 600 मिमीच्या दोन पट्ट्या याच कमानीत वाकवा: एक हँडलच्या थोडी वर, दुसरी खालच्या कडेजवळ.

फेअरिंग फडफडत असेल तर लोक जाड शीट आणायला निघतात. ताकद वाकातून येते. कमान थोडी वाढवायची असेल तर दीडशे पटींची मर्यादा सांभाळूनच वाढवा. ते शक्य नसेल तर तिसरी पट्टी घाला.

जोडणी

यात चूक झाली तर अपघातच. आधार तीन: दोन हँडलवर, तिसरा फोर्कच्या माथ्यावर, जिथे मडगार्डचा किंवा दिव्याचा बोल्ट असतो. तिन्ही आधार हँडलबरोबर फिरणाऱ्या भागावरच हवेत. दोन हँडलवर आणि एक फ्रेमवर जोडला तर हँडल वळणारच नाही. तिसरा आधार सस्पेंशनच्या खाली-वर होणाऱ्या नळ्यांवरही नको. प्रत्येक खड्ड्याला शीट ओढली जाईल.

आधाराच्या पट्ट्या पाइपभोवती गोल वाकवा, व्हाइसमध्ये काटकोनात मोडू नका. वाक चुकला तर उलटा सरळ करून पुन्हा वाकवू नका, नवी पट्टी कापा. वाकाच्या जागी भोकही नको. ॲल्युमिनियम थरथरीने थकते आणि तुटते ते याच ठिकाणी.

क्रम असा: क्लॅम्प, आधार, कमानी पट्ट्या, आणि शेवटी शीट, मधल्या बोल्टपासून कडेकडे. शीटच्या दोन्ही बाजूंना रबरी वॉशर. नट इतकाच आवळा की रबर किंचित दबेल. बोल्ट पक्का करायला थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा गोंद) वापरू नका. पॉलिकार्बोनेटला तो लागला की तडे जातात. पेट्रोल, थिनर आणि अमोनिया असलेला काच-क्लीनर यांनीही तेच होते. धुवायचे ते साबणाच्या पाण्याने.

आता हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवा. ब्रेकची केबल, थ्रॉटलची वायर, ब्रेक दाबताच मोटर बंद करणारी वायर, यांपैकी काहीही ताणले किंवा चिमटले जाता कामा नये. दिवा फेअरिंगच्या पुढे किंवा खाली आणा. आत राहिला तर रात्री त्याचा उजेड डोळ्यांवर उलटतो. पुढचा पांढरा रिफ्लेक्टर झाकू नका. 250 वॅट आणि ताशी 25 किमीच्या आतल्या, नोंदणीची गरज नसलेल्या ई-सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर नियमानेच लागतो.

चाचणी

पहिली फेरी वारा नसताना, रिकाम्या रस्त्यावर, ताशी 15 किमीने. दहा किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा. मग बाजूचा वारा. हँडलवरचे फेअरिंग आडव्या झोताने हँडल ढकलते. खाडीवरच्या पुलावर किंवा चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारासारख्या उघड्यावर हे लगेच जाणवते, आणि ट्रक शेजारून गेला की झटका आधी एका दिशेला, मग दुसऱ्या दिशेला बसतो. हात सैल ठेवून सायकल सरळ राहत नसेल तर बाजूच्या कडा 50-50 मिमी कापा. फायदा थोडा कमी होईल, तो सोडून द्या.

बचत मोजायची तर पहाटे, त्याच पाच किलोमीटरवर, टायरमध्ये तितकीच हवा भरून, जाता-येता दोन्ही बाजूंनी, फेअरिंगसह आणि फेअरिंगशिवाय जा, आणि डिस्प्लेवरचे वॅट-तास प्रति किलोमीटर लिहून घ्या. एकाच बाजूची फेरी मोजली तर आकडा वाऱ्याचा असतो.