जुन्या अ‍ॅनिमेचा रिमास्टर संच: घेण्याआधी काय तपासायचं, आणल्यावर काय बंद करायचं

जुन्या अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या, खोक्यावर 'रिमास्टर' (चित्र नव्याने सुधारलेलं) छापायला कुणाची परवानगी लागत नाही. मूळ नेगेटिव्ह नव्याने स्कॅन करून निगुतीने साफ केलेल्या संचावरही तो शब्द असतो आणि जुनी व्हिडिओ टेप ताणून मोठी केलेल्या संचावरही. त्यामुळे आधी एवढंच शोधा, की चित्र आलंय कुठून.

१९९०च्या दशकाच्या अखेरपर्यंत बहुतेक टीव्ही मालिका सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ शीटवर, रंगवून १६ मिमी फिल्मवर टिपल्या जात, चित्रपट ३५ मिमीवर. १६ मिमीची फ्रेम जेमतेम १० बाय ७.५ मिलिमीटरची, म्हणजे बोटाच्या नखाएवढी, तरी तिच्यातून १०८० ओळींचं चित्र व्यवस्थित निघतं. त्यापुढे ४के (२१६० ओळी) केलंत तर चित्रातला तपशील फारसा वाढत नाही, ग्रेन (फिल्मचे बारीक दाणे) तेवढा बारकाईने दिसतो. ४के डिस्कसाठी जादा पैसे मोजायचे ते ३५ मिमीच्या चित्रपटांना, 'अकिरा'सारख्या. २००० सालाच्या आसपास रंगकाम संगणकावर गेलं आणि पुढची काही वर्षं मालिका थेट साध्या टीव्हीच्या रिझोल्युशनमध्ये तयार होत. त्यांना स्कॅन करण्याजोगी फिल्मच नाही, म्हणून त्यांचा ब्लू-रे हा अपस्केलच, म्हणजे लहान चित्र ताणून मोठं केलेलाच, असणार. त्यात फसवणूक नाही, फक्त नेगेटिव्हवरून काढलेल्या संचाची किंमत त्याला देऊ नका. फिल्मवर असलेल्या मालिकेचाही अपस्केल विकला जातो, तिथे मात्र थांबलेलं बरं. 'सेलर मून'चा २०१४चा अमेरिकी ब्लू-रे तसाच होता. जपानमध्ये २०१७ साली फिल्मवरून काढलेला आला.

टेपवरून आलेलं चित्र ओळखणं सोपं आहे. लाल-निळ्या कडांवर मुंग्या चालल्यासारखे ठिपके सरकतात, बारीक रेघांच्या कपड्यांवर इंद्रधनुषी झाक उमटते आणि हलत्या हाताच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसतात. हे दाते येतात कारण सेकंदाला २४ फ्रेमची फिल्म ३० फ्रेमच्या व्हिडिओत बसवताना दर पाच फ्रेममागे दोन फ्रेम दोन चित्रांच्या ओळी मिसळून बनतात. व्हीएलसी या संगणकावरच्या व्हिडिओ प्लेअरमध्ये नमुना चालवून 'ई' हे बटण दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. तीन साफ, दोन दातेरी असा ठेका दिसला तर टेपच्या काळातलं रूपांतर तसंच ठेवलंय.

तसंच एकेक फ्रेम सरकत आणखी एक चाचणी करा, ती सगळ्यात भरवशाची. अ‍ॅनिमेत बऱ्याचदा सेकंदाला आठच चित्रं काढलेली असतात आणि प्रत्येक चित्राचा फोटो तीनदा घेतलेला असतो. तेव्हा पात्र बोलतंय पण कॅमेरा स्थिर आहे अशी जागा निवडा आणि एकाच चित्राच्या तिन्ही फ्रेम पाळीपाळीने बघा. फिल्मचा खरा स्कॅन असेल तर रेषा तीच राहते, पण आकाशाच्या सपाट निळ्यातला ग्रेन प्रत्येक फ्रेमला वेगळा पडतो. तिन्ही फ्रेम हुबेहूब सारख्या असतील तर ग्रेन खरवडून टाकलाय. मग तोंडाकडे बघा: ओठ मिटल्यावरही आधीच्या उघड्या ओठांची पुसट रेघ राहिली असेल, तर दोष नॉइज रिडक्शनचा, म्हणजे ग्रेन पुसणाऱ्या प्रक्रियेचा. हे तंत्र शेजारच्या फ्रेमची सरासरी काढतं, म्हणून मागचं चित्र पुढच्यात झिरपतं.

धूळ काढणारं सॉफ्टवेअरही आंधळं असतं. एकाच फ्रेमपुरतं जे दिसेल ते त्याच्या लेखी घाण, त्यामुळे तलवारींच्या ठिणग्या, पावसाचे थेंब, फुटलेल्या काचेचे कण अधूनमधून गायब होतात. पावसातली मारामारी असलेला एपिसोड तपासायला घ्या. उलट सेलवर बसलेली धूळ, केस किंवा ओरखडा हे कॅमेऱ्याखालीच टिपले गेलेत. ते दिसले म्हणून संच वाईट ठरत नाही.

एआयने मोठं केलेलं चित्र पहिल्या नजरेला फार छान वाटतं. जवळच्या चेहऱ्यांवर जाऊ नका, लांबची गर्दी आणि दुकानांच्या पाट्या बघा. तिथे डोळे वितळलेले असतात आणि जपानी कांजी अक्षरांच्या जागी वळवळत्या रेघा.

आता चौकट. या मालिका ४:३ (रुंदी चार, उंची तीन) आहेत, म्हणजे ब्लू-रेवर १४४० बाय १०८०, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. पडदा भरण्यासाठी १६:९ केलं की उंचीतला पाव भाग कापला जातो. 'ड्रॅगन बॉल झी'चे २००७पासून अमेरिकेत आलेले सीझन-संच असेच कापलेले आहेत. तिथे २०१९ साली आलेला वर्धापनाचा संच ४:३ आहे, पण त्यात ग्रेन जबर धुतलाय. म्हणजे चौकट बरोबर आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

डिस्क किती आहेत तेही मोजा. ग्रेन सांभाळायला सेकंदाला साधारण २५ मेगाबिट तरी हवेत, म्हणजे २४ मिनिटांच्या एपिसोडला साडेचार जीबी आणि वर आवाज. ५० जीबीच्या डिस्कवर नऊ एपिसोड सुखाने मावतात, २६ एपिसोडना तीन डिस्क पुरतात. पण २५ जीबीच्या डिस्कवर तेरा कोंबले तर हाती दहा-अकरा मेगाबिट उरतात आणि अंधाऱ्या दृश्यांत ग्रेनचे चौकोनी ठोकळे होतात.

आवाजात मूळ मोनो किंवा स्टीरिओ ट्रॅक आहे का ते बघा, नुसता ५.१ (सराउंड) असेल तर जुने इफेक्ट बदललेले असू शकतात. पाल या युरोप-भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर सगळं चार टक्के वेगाने पळतं: २४ मिनिटांचा एपिसोड मिनिटभर आधी संपतो आणि आवाज चढा लागतो. गाण्यांच्या हक्कांचीही चौकशी करा. 'इव्हँगेलियन' २०१९ साली स्ट्रीमिंगवर आलं तेव्हा बहुतेक देशांत शेवटचं गाणं काढलेलं होतं.

ब्लू-रेचे प्रदेश तीन. ए म्हणजे अमेरिका खंड, जपान, कोरिया, आग्नेय आशिया. बी म्हणजे युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व, ऑस्ट्रेलिया. सी म्हणजे भारत, चीन, रशिया. डिस्क आणि प्लेअर जुळले पाहिजेत. ४के डिस्कला ही भानगड नाही, पण त्याच खोक्यातल्या साध्या ब्लू-रेला असू शकते. जपानी संचांवर इंग्रजी सबटायटल बहुधा नसतात.

संच घरी आल्यावर टीव्हीचं काम उरतं, कारण कंपनीने जपलेला ग्रेन टीव्ही पुसू शकतो. टीव्हीची स्वतःची चित्रसुधारणा बंद करणारा फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा. नसेल तर नॉइज रिडक्शन बंद, मोशन स्मूदिंग बंद (सेकंदाला आठ चित्रांच्या मधली चित्रं टीव्ही स्वतः रचायला गेला की हात रबरासारखे वाकतात), ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणं) बंद आणि प्लेअरवर २४पी (सेकंदाला २४ फ्रेम) चालू. शार्पनेस शून्यावर नेणं प्रत्येक टीव्हीवर बरोबर नसतं. एखादी जाड काळी रेघ थांबवून ठेवा, तिच्या शेजारी पांढरी कड दिसेपर्यंत आकडा वाढवा आणि मग ती कड पूर्ण जाईपर्यंत उतरवा. डीव्हीडी लावताना चेहरे आडवे पसरलेले दिसले, तर प्लेअरमधला ४:३चा पर्याय तपासा; झूम वापरू नका.

परत करायची मुदत संपायच्या आत प्रत्येक डिस्कचा मधला आणि शेवटचा एपिसोड लावून बघा. २५ जीबीची डिस्क आतून बाहेर वाचली जाते, ५० जीबीच्या डिस्कचा दुसरा थर बाहेरून आत, म्हणजे तिथे बाहेरची कड मधल्या एपिसोडांना येते; आणि पुठ्ठ्याच्या पाकिटात घासून आलेले ओरखडे बाहेरच्या कडेला जास्त असतात.