जुन्या मोटार-एजन्सीच्या वस्तूंचा काळ ओळखणे आणि जपणूक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील घरांच्या माळ्यांवर आणि बंद पडलेल्या गॅरेजांत जुन्या मोटार-एजन्सींच्या वस्तू अजूनही सापडतात: इनॅमलच्या पाट्या, पितळी किचेन, सर्व्हिसची पुस्तके, बुकिंगच्या पावत्या. संग्राहक बहुधा पाटीमागे धावतात. माझ्या मते पहिला मान पावतीला द्यावा. पैसे भरून वर्षानुवर्षे गाडीची वाट पाहावी लागे त्या काळात पावती दागिन्यासारखी कुलपात राही, आणि तिच्यावर तारीख असे.

तारीख नसेल तर पत्ता वाचावा. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, त्यानंतर म्हैसूर राज्यात गेले आणि १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. म्हणून 'म्हैसूर राज्य' आणि पिनकोड एकाच लेटरहेडवर छापलेले असतील, तर ते जेमतेम सव्वा वर्षाच्या अवधीतले असण्याचा संभव मोठा. किंमत 'नये पैसे' अशी असल्यास छपाई बहुधा १९५७ ते १९६४ मधली. गाडीच्या नावाचाही उपयोग होतो, कारण पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचे आहे. मात्र दुकानदार जुने कोरे कागद संपेपर्यंत वापरीत, त्यामुळे छापील पत्त्यापेक्षा हाताने लिहिलेल्या तारखेवर अधिक विश्वास ठेवावा. इंग्रजी मजकुरात 'बेळगावी' असे नाव असलेली 'जुनी' पाटी संशयास्पद समजावी, कारण इंग्रजीतील हे अधिकृत रूप २०१४ चे आहे. कन्नड मजकुरात मात्र ते पूर्वीपासून आहे.

इनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर भट्टीत वितळवून बसवलेली काच. खऱ्या पाटीवर रंगांच्या सीमेवर बोट फिरवल्यास बहुधा थराची उंची जाणवते आणि स्क्रूच्या भोकांभोवती काचेचे टवके उडून काळे लोखंड दिसते. लोहचुंबकाची परीक्षा निरुपयोगी आहे, कारण तो नकली छापील पत्र्यालाही चिकटतो. पाटी सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुवून लगेच कोरडी करावी. तारेचा ब्रश आणि ॲसिड तिच्याजवळही नेऊ नये. पितळी किचेनवर चिंच घासण्याचा मोह आवरावा, कारण त्यावरील एजन्सीचे नाव झिजते.

कागदांचे खरे शत्रू म्हणजे इथला पावसाळा आणि कसर. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात, सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये, कारण ते कागदाला इजा न करता पुन्हा काढता येत नाही. प्रत्येक कागद पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालून आतल्या, कोरड्या भिंतीजवळच्या कपाटात आडवा ठेवावा आणि पावसाळा सरल्यावर सर्व कागद एकदा तपासावेत. वस्तू देणाऱ्या आजोबांनी किंवा निवृत्त मिस्त्रींनी सांगितलेली माहिती, म्हणजे एजन्सी कोणत्या गल्लीत होती आणि तिथे कोणत्या गाड्या येत, ही वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहून कागदासोबत ठेवावी. मूळ कागदावर शाईने काहीही लिहू नये, कारण ओल लागताच ती पसरते.