पडद्याचे रंग बिघडलेत? आधी केबलचं दुसरं टोक बघा

मागच्या वेळी माझ्या डेस्कटॉपचा पडदा पिवळा पडला तेव्हा मी काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढे मधूनमधून का वैतागतोय ते कळेल. ग्राफिक्सचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) तीनदा टाकला. मग डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्यानं टाकलं, त्यात दोन फोल्डर कायमचे गेले. मग ग्राफिक्स कार्ड बदललं. पडदा पिवळा तो पिवळाच. शेवटी हात टेकले, निदान मॉनिटर पुसून तरी घेऊ म्हणून तो पुढे ओढला, आणि मागचा व्हीजीएचा, म्हणजे संगणकाकडून चित्र आणणाऱ्या जुन्या जातीच्या केबलचा, प्लग अलगद हातात आला. त्यातली एक पिन आडवी झोपलेली. चार दिवस नुसतं आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कॅबिनेटकडचं टोक मी निदान चार वेळा काढून लावलं होतं. मॉनिटरकडचं एकदाही नाही, कारण मॉनिटर भिंतीला टेकून होता आणि तो ओढायचा कंटाळा.

तेव्हा बसण्याआधीची तयारी. टॉर्च हवा, फोनचा चालेल. त्याच जातीची दुसरी केबल हवी, आणि ती चालते याची आधी खात्री केलेली हवी. संशयित केबल काढून दुसरी संशयित केबल लावण्यात अर्थ नाही. दुसरा कुठलाही पडदा, टीव्हीसुद्धा चालतो. एक कागद आणि पेन. कागद का, तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदललं ते लिहायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि रंग जागेवर आले, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही आणि महिन्याभरानं पुन्हा तेच नाटक. महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवा. हे माहीत असतं सगळ्यांना. मलाही होतं.

कागदावर पहिली ओळ ही लिहा: बिघाड दिसायच्या आदल्या दिवशी काय हललं? टेबल सरकवलं, झाडलोट केली, अपडेट आलं, नवीन खेळ टाकला, घरातल्या कुणी सेटिंग चाळलं. मी टेबल सरकवलं होतं. हे मला चौथ्या दिवशी आठवलं.

आता पांढऱ्या रंगाकडे नीट बघा. कोरं पान उघडून ते पडदाभर करा. पडद्यावरचं पांढरं म्हणजे लाल, हिरवा आणि निळा उजेड एकत्र. त्यातला एक गेला की उरलेल्या दोघांचं मिश्रण दिसतं. पांढरं पिवळं दिसत असेल तर निळा गेला. गुलाबी-जांभळं दिसत असेल तर हिरवा गेला. निळसर-हिरवट आकाशी दिसत असेल तर लाल गेला. नुसतं ‘रंग विचित्र आहेत’ असं म्हणून कामाला लागू नका. कोणता रंग गेला तेवढं लिहून ठेवा. एकच रंग पूर्ण गायब आणि बाकी चित्र स्वच्छ, रेषा जागच्या जागी, अक्षरं वाचता येतात, असं असेल आणि तुमची जोडणी व्हीजीएची असेल, तर ड्रायव्हरला हात लावायच्या आधी उठा आणि केबलची दोन्ही टोकं बघा. दोन्ही.

कारण व्हीजीए हा अ‍ॅनालॉग प्रकार. १९८७ साली आयबीएमनं आणला आणि अजून कुठे कुठे तग धरून आहे. त्यात तिन्ही रंग तीन वेगळ्या तारांतून जातात: पिन १ लाल, पिन २ हिरवा, पिन ३ निळा. त्यातल्या एकीनं संपर्क सोडला की बाकी दोघी आपलं काम करत राहतात, म्हणून चित्र ठणठणीत दिसतं आणि फक्त रंग चुकतो. आपल्याला वाटतं सॉफ्टवेअरचा घोळ आहे. मला वाटलं.

टोक तपासायची पद्धत. संगणक बंद, मॉनिटर बंद, दोघांचे विजेचे प्लग काढलेले. मॉनिटर भिंतीपासून ओढा. हो, ओढा. मागे हात घालून चाचपडण्यात अर्थ नाही, झोपलेली पिन बोटाला कळत नाही. प्लगच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू सोडवा, प्लग सरळ ओढा, डावीउजवीकडे हलवू नका. आता टॉर्च तिरका धरून आत बघा. पाच-पाच पिनांच्या तीन ओळी दिसतील. सगळ्या सारख्या उंचीच्या आणि सरळ उभ्या हव्यात. माझी झोपलेली पिन समोरून बघताना नुसती जागा रिकामी असल्यासारखी दिसत होती. टॉर्च बाजूला नेल्यावर तिची सावली पडली तेव्हा कळलं की ती आहे, शेजारणीच्या अंगावर कलंडलेली. एक सूचना: बऱ्याच केबलींत मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन मुळातच नसते. ती नाही म्हणून घाबरू नका. मी घाबरून तिचाही फोटो काढला होता.

वाकलेली पिन सरळ करायला पकड वापरू नका, तुटते. टिकटिक पेन्सिलीतली शिसकांडी काढून टाका, तिचं पोकळ लोखंडी टोक पिनेवर टोपीसारखं बसवा आणि हळूहळू उभी करा. एका दमात नाही. तुटली तर केबल टाकून द्या, चिकटवाचिकटवी करत बसू नका. लावताना प्लगचा डी आकार आधी डोळ्यांनी जुळवा, मग ढकला. जोर लागत असेल तर थांबा. काहीतरी तिरकं आहे. मग स्क्रू पिळा, दोन्ही बाजूंचे. न पिळलेला प्लग केबलच्या वजनानं खाली झुकतो आणि वरची ओळ सुटते, आणि वरच्या ओळीतच तिन्ही रंग आहेत.

हे झालं आणि दुसऱ्या टोकाचंही केलंत ना? नसेल केलं तर पुढे वाचू नका.

आता बिघाड तारेच्या कुठल्या बाजूला आहे ते ठरवायचं, आणि यासाठी तीन सोप्या परीक्षा आहेत. पहिली, मॉनिटरच्या बटणांनी त्याचा स्वतःचा मेनू उघडा. तो मेनू मॉनिटर स्वतः काढतो, संगणकाकडून येत नाही. मागचं चित्र पिवळं आणि मेनूतला पांढरा मात्र पांढरा, तर मॉनिटरचं पॅनेल निर्दोष. दोष केबलीत किंवा संगणकात. मेनूही पिवळा, तर मॉनिटरमध्येच काहीतरी. दुसरी, संगणक चालू करताना येणारा बायोसचा पडदा बघा. तिथे विंडोज अजून जागंच झालेलं नसतं. तिथेही रंग बिघडलेला असेल तर विंडोज पुन्हा टाकून काहीही होणार नाही. मी ही परीक्षा केली असती तर ते दोन फोल्डर आज असते. तिसरी, स्क्रीनशॉट काढून फोनवर बघा. फोनवरही बिघडलेला दिसला तर दोष आतला, ड्रायव्हर किंवा कार्ड. फोनवर स्वच्छ दिसला तर दोष बहुतेक पुढचा, कार्डाच्या पोर्टपासून मॉनिटरपर्यंत कुठेतरी, म्हणजे पुन्हा केबल, पुन्हा टोकं. यात एक फसगत आहे: विंडोजच्या नाइट लाइटचा (रात्री डोळ्यांसाठी पडदा पिवळट करणाऱ्या सोयीचा) पिवळेपणा स्क्रीनशॉटमध्ये सहसा येत नाही, त्यामुळे स्क्रीनशॉट स्वच्छ आहे म्हणून सेटिंग बघायचं सोडू नका.

सेटिंगं. नाइट लाइट बंद करा. संध्याकाळीच पिवळं होत असेल तर उत्तर तिथेच आहे. मॉनिटरच्या मेनूत डोळ्यांसाठीचा वाचन मोड असतो, तो बघा, आणि लाल-हिरवा-निळा यांचे वेगळे आकडे असतात, त्यातला एखादा कुणी शून्यावर आणला नाही ना तेही. कळत नसेल तर फॅक्टरी रिसेट. सगळंच करडं झालं असेल तर कलर फिल्टर लागलेला असतो; त्याचा शॉर्टकट चालू ठेवलेला असेल तर विंडोज, कंट्रोल आणि सी एकत्र दाबलं जाऊन तो चुकून लागतो, तीच बटणं दाबून जातो. रंग फिके आणि धुतल्यासारखे असतील तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधला एचडीआर (जास्त उजेड-अंधार दाखवायचा मोड) बंद करून बघा. फक्त फोटोच पिवळट दिसत असतील आणि बाकी खिडक्या ठीक, तर मॉनिटरचं रंगांचं प्रोफाइल चुकीचं आहे. शोधपट्टीत कलर मॅनेजमेंट टाकून ते काढा. व्हीजीएवर मॉनिटरमध्ये ऑटो कलर नावाचा पर्याय असतो; तो पडद्यावर भरपूर काळं आणि पांढरं असतानाच चालवा, नाहीतर तो रंगीत चित्रालाच प्रमाण मानून आणखी घोळ घालतो.

एचडीएमआय असेल तर हिशोब वेगळा. तिथे खराब केबलनं रंग पिवळा पडण्यापेक्षा ठिपके चमकतात, चित्र जातं-येतं. काळा करडा दिसत असेल तर रेंजचा प्रश्न: संगणकाचा पूर्ण आवाका ० ते २५५, टीव्हीच्या जगातला १६ ते २३५. एक बाजू एक समजते आणि दुसरी दुसरं. ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फुल आणि लिमिटेड असे पर्याय असतात, मॉनिटरशी जुळवा. सगळा पडदा हिरवा-गुलाबी झाला असेल तर कार्ड वायसीबीसीआर (टीव्हीच्या जगातली रंग पाठवायची पद्धत) पाठवतंय आणि पडदा त्याला आरजीबी (साधं लाल-हिरवा-निळा) समजतोय किंवा उलट. आउटपुट आरजीबी करा. लाल अक्षरांच्या कडा फिसकटलेल्या दिसत असतील तरीही हेच बघा. आणि एचडीएमआयचीही दोन टोकं असतात. असो.

इथवर आलात आणि स्क्रीनशॉटही बिघडलेला येतोय, तरच ड्रायव्हर. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा; पडदा क्षणभर काळा होतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. सुटलं तर सुटलं. नाही तर डिव्हाइस मॅनेजरमधून रोल बॅक, म्हणजे आधीच्या ड्रायव्हरवर परत, विशेषतः अपडेटनंतर सुरू झालं असेल तर. मग सेफ मोड. तिथे विंडोज आपला साधा ड्रायव्हर वापरतं, तिथे रंग बरोबर आले तर तुमचा ड्रायव्हर दोषी. पूर्ण काढून नव्यानं टाका. विंडोज फॉरमॅट शेवटी, फायलींची प्रत हातात असल्याशिवाय नाही, आणि बायोसच्या पडद्यावर रंग बिघडलेले असतील तर कधीच नाही.

चौकोन, ठिपके, उभ्या पट्ट्या, खेळ चालू केल्यावरच येणारी रंगीबेरंगी रांगोळी, हे कार्डाचं किंवा त्याच्या मेमरीचं किंवा उष्णतेचं लक्षण. पंखा फिरतोय का, धूळ किती. ओव्हरक्लॉक केलं असेल, म्हणजे कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलं असेल, तर परत आणा. कार्ड काढून पुन्हा बसवा. वेगळं कार्ड नसेल तर ग्राफिक्स रॅमच वापरतं, रॅम काढून नीट बसवा. कार्ड काढलं की, प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर, मदरबोर्डच्या पोर्टला केबल लावून बघा, तिथे रंग ठीक आले तर निकाल लागला.

वरून बघितलं तर एक रंग, खालून दुसरा? स्वस्त टीएन पॅनेल (एलसीडीचा एक प्रकार) तसंच असतं, बिघाड नाही. जुना काचेचा जाडा मॉनिटर आणि एकाच कोपऱ्यात डाग? शेजारचा स्पीकर लांब करा, त्यात लोहचुंबक आहे, मग मेनूतून डीगॉस, म्हणजे पडद्यात मुरलेलं चुंबकत्व घालवायचा पर्याय.

दुसऱ्या पडद्यावर सगळं ठीक आणि या मॉनिटरवर दोन्ही केबलींनी तोच रंग, तर मॉनिटर गेला.

परत जोडताना स्क्रू. चारही. मॉनिटरकडचे दोन आधी पिळा, तो एकदा भिंतीला टेकला की पुन्हा कोण ओढणार.